निवाप, विवीत आणि गायरान : शिकार थांबल्यानंतरच्या भूमीविषयी

सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा एक खंडित भाग पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपारे येथे भातेला तलावाच्या परिसरात मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढे १९५६ साली जवळच्याच भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला आणि प्राचीन शूर्पारकात चौदाही लेख कोरले गेले असावेत, या अनुमानास बळकटी आली. 'बुरूड राजाचा कोट' या नावाने वसई-विरारकरांना परिचित असलेला स्तूप, त्यातून निघालेली दगडी पेटी, भिक्षापात्राचे मानले गेलेले अवशेष आणि कांस्यमूर्ती यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु सोपाऱ्यात पहिल्यांदा हाती आलेला लेख नेमका कोणत्या विषयावरचा आहे, याचा विचार करण्यासाठी फारसे कोणी थांबत नाही.

आठवा लेख शिकारीविषयी आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. तीत मृगया आणि तशाच प्रकारच्या इतर करमणुकी असत. देवानांप्रिय प्रियदर्शी राजा मात्र अभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांचे दर्शन व त्यांना सुवर्णदान, जनपदातील लोकांच्या भेटी आणि धम्मचर्चा हे त्या यात्रांचे स्वरूप होते. गिरनार, कालसी, शाहबाजगढी येथील प्रतींवरून हा सर्व मजकूर आपणांस ज्ञात आहे.

राजाने शिकार सोडली, हे या लेखाचे तात्पर्य शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. आम्हांस येथे वेगळा प्रश्न विचारावयाचा आहे. राजाची शिकार ही एका माणसाची सवय नव्हती. तिच्यासाठी भूमी राखून ठेवलेली असे, गवत वाढविलेले असे, माणसे नेमलेली असत. शिकार थांबल्यावर त्या भूमीचे, त्या गवताचे आणि त्या माणसांचे काय झाले? त्या गवतावर कोणाची गुरे चरली आणि कोणत्या अटीवर?

प्रथम पालि वाङ्मयाकडे वळू. निग्रोधमिग जातक आपल्या वाचकांस पाठ असते ते गाभण हरिणीच्या प्रसंगामुळे. त्या प्रसंगाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण कथेचा आरंभ तितकाच लक्षणीय आहे. वाराणसीच्या राजाला मांसावाचून जेवण जात नसे. तो रोज नगरातील आणि जनपदातील लोकांना गोळा करून, त्यांची कामे बंद पाडून, शिकारीला नेई. कामे बुडणे यासाठी पालित 'कम्मच्छेद' असा शब्द आहे. येथे हरणांचा कैवार घेऊन कोणी पुढे येत नाही. लोक स्वतःच्या बुडालेल्या कामाचा विचार करतात. नांगर थांबतो, दुकान थांबते, यावर उपाय म्हणून ते राजोद्यानात गवत लावतात, पाण्याची सोय करतात, रानातील हरणे हाकून आत आणतात आणि दार बंद करून राजाला सांगतात की, आता आपली मृगया येथेच करावी. साकेताच्या अंजनवनाशी निगडित असलेल्या नंदियमिग जातकातही हीच रचना आढळते. राजाच्या छंदाचा भार प्रजेवर पडू नये म्हणून प्रजेनेच बांधलेले कुंपण, असा मृगोद्यानाचा उगम या कथा सांगतात.

त्या लावलेल्या गवताला पालित 'निवाप' म्हणतात. वप् म्हणजे पेरणे. निवाप म्हणजे जनावरासाठी पेरलेला वा टाकलेला चारा. मज्झिम निकायातील पंचविसावे सुत्त याच नावाचे आहे. भगवान बुद्ध तेथे सांगतात की, नेवापिक म्हणजे चारा पेरणारा मनुष्य हरणांनी दीर्घायुषी व्हावे, सुंदर व्हावे म्हणून चारा पेरीत नाही. ती येतील, खातील, माजतील, बेसावध होतील आणि मग आपल्या इच्छेप्रमाणे त्यांचे करता येईल, हा त्याचा हिशेब असतो. सुत्ताचा रोख अर्थातच माराच्या पाशांकडे आणि पाच कामगुणांकडे आहे. तथापि उपमा ज्या व्यवहारावर उभी आहे तो व्यवहार श्रोत्यांच्या परिचयाचा असल्याखेरीज उपमा लागू पडत नाही. शिकारीच्या रानातील गवत आपोआप उगवलेले नसते. ते कोणीतरी, कोणत्यातरी हेतूने राखलेले असते, हे त्या काळच्या खेडुतास पुरते ठाऊक होते.

याच निकायातील एकोणिसावे द्वेधावितक्क सुत्त आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे, कारण गुरांची चराई आणि हरणांची शिकार ही दोन्ही त्या एकाच सुत्तात आली आहेत. पावसाळ्याच्या अखेरच्या महिन्यात शेते पिकाने दाटलेली असतात. तेव्हा गुराखी काठी घेऊन गुरांना वळवीत असतो, कारण गुरे पिकात शिरली तर मार, बंधन, दंड यांचा धनी त्यालाच व्हावे लागते. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात सर्व धान्य गावाशी येऊन पडलेले असते. तेव्हा तो झाडाखाली वा उघड्यावर निवांत बसतो आणि 'ती माझी गुरे' इतके भान ठेवले तरी पुरते. त्याच सुत्ताच्या उत्तरार्धात अरण्यातील एका मोठ्या सखल पाणथळीच्या आश्रयाने राहणारा हरणांचा कळप येतो. एक मनुष्य त्यांचा सुरक्षित मार्ग बंद करतो, फसवा मार्ग उघडतो आणि आमिष म्हणून पाळीव हरीण-हरिणी तेथे ठेवतो. दुसरा मनुष्य फसवा मार्ग मोडून सुरक्षित मार्ग मोकळा करतो. गुराखी, पारधी, हरीण, पीक आणि ऋतू ही पाचही तेथे एकाच भूमीवर नांदतात. लक्खण जातकातील मगधाची हरणेही पीक उभे असता डोंगरात जातात आणि कापणी झाल्यावर खाली परततात. वाटेवरच्या गावांतील लोक खड्डे, फासे लावून त्यांना मारतात. रान आणि शेत यांच्यातील सीमा नकाशावर आखलेल्या रेषेसारखी स्थिर नव्हती. ती ऋतूबरोबर सरकत असे.

आता अर्थशास्त्र पाहू. या ग्रंथाचा काळ वादग्रस्त असला आणि आज मिळणारी संहिता मौर्यांनंतरची मानण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल असला, तरी राज्यव्यवहाराची परिभाषा म्हणून तिचा उपयोग करता येतो. दुसऱ्या अधिकरणातील भूमिच्छिद्रविधान नावाच्या प्रकरणात नांगराखाली न येणाऱ्या भूमीची वाटणी सांगितली आहे. अशा भूमीवर गुरांसाठी 'विवीत' म्हणजे चराऊ रान द्यावे. तपस्व्यांना अरण्ये द्यावीत. आणि राजाच्या विहारासाठी एकच दार असलेले, खंदकाने वेढलेले मृगवन करावे, ज्यात माणसाळलेली हरणे आणि नखे-दात काढलेली हिंस्र जनावरे असावीत. गुरांचे कुरण, श्रमणांचे वन आणि राजाचे शिकारीचे रान ही तिन्ही एकाच वर्गाच्या भूमीतून, एकाच प्रकरणात काढून दिली आहेत. शेजारी होण्यापूर्वी ती एकमेकांची वाटेकरी होती.

चराई फुकट नव्हती. विवीतात चरून निघून गेलेल्या उंट व म्हशींमागे पाव पण, गाय, घोडा व गाढव यांमागे त्याच्या निम्मे आणि लहान जनावरांमागे पणाचा सोळावा भाग घ्यावा, असे तिसऱ्या अधिकरणात म्हटले आहे. चरून तेथेच बसलेल्या जनावरांना दुप्पट आणि रात्र काढणाऱ्यांना चौपट. आजच्या भाषेत ही चराई फी झाली. राज्याच्या गोधनाचे कळपही ठराविक तूप, कातडे इत्यादी देण्याच्या करारावर गुराख्यांकडे सोपविले जात. आम्हांस याहून उद्बोधक वाटते ती दुसरी तरतूद. गुरांनी चरावे ते अरण्य ऋतुमानाने विभागलेले असावे आणि लुब्धकांनी, म्हणजे पारध्यांनी, शिकारी कुत्र्यांच्या साह्याने चोर व श्वापदे यांच्या भयापासून ते आधी मोकळे केलेले असावे, असे गोअध्यक्षाच्या प्रकरणात सांगितले आहे. विवीताध्यक्षाच्या हाताखालीही हेच पारधी रानातून फिरत आणि शत्रू वा चोर दिसल्यास शंख-दुंदुभी वाजवून सूचना देत. चराईचे भाडे राज्याला जाई, आणि ज्या सुरक्षिततेबद्दल ते घेतले जाई ती सुरक्षितता पारधी पुरवीत.

मेगास्थेनिसने भारतीय समाजाचे जे सात वर्ग सांगितले, त्यांत गुराखी आणि शिकारी हे मिळून एकच वर्ग होतात. स्ट्रॅबोने दिलेल्या सारांशानुसार शिकार करण्याचा, गुरे पाळण्याचा आणि ओझ्याची जनावरे विकण्याचा वा भाड्याने देण्याचा अधिकार यांनाच होता. पिके खाणारी श्वापदे व पक्षी यांपासून भूमी मुक्त ठेवीत असल्याबद्दल राजाकडून त्यांना धान्य मिळे. परदेशी वकिलाची ही वर्गवारी चुकीची म्हणून बाजूस सारण्याची प्रथा आहे. जातिव्यवस्थेचे वर्णन म्हणून ती चुकते, हे खरे. परंतु रानावर राहणाऱ्या माणसाच्या दिनक्रमाचे वर्णन म्हणून ती अर्थशास्त्राशी चांगलीच जुळते.

या पार्श्वभूमीवर अशोकाचे लेख पुन्हा वाचावेत. पहिल्या लेखात राजाच्या स्वयंपाकघरासाठी दोन मोर आणि एक हरीण मारले जाई, तेही हरीण नेहमी नव्हे, आणि पुढे हे तिन्ही मारले जाणार नाहीत, असे आहे. कंदाहार येथील द्विभाषिक लेखाचा ग्रीक भाग सांगतो की, राजाचे जे शिकारी व कोळी होते त्यांनी शिकार थांबविली. पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची लांब यादी आहे. भुसा जिवंत जंतूंसह जाळू नये, विनाकारण किंवा प्राणिहिंसेसाठी रान पेटवू नये, नेमलेल्या दिवशी हत्तींच्या वनात व कोळ्यांच्या राखीव जलाशयांत जीव मारू नयेत, बैल, बोकड इत्यादींचे खच्चीकरण व गुरांना डाग देणे टाळावे, अशा आज्ञा आहेत. रान पेटविण्याची आज्ञा विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. नवे गवत फुटावे म्हणून गुराखी रान जाळतो आणि जनावर बाहेर पडावे म्हणून पारधीही जाळतो. ही आज्ञा एकाच वेळी दोघांच्या हातातील चूड विझविते.

बाराव्या लेखात धम्मकार्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांत 'वचभूमिक' हे नाव येते. 'वच' म्हणजे व्रज, गोठे व चराऊ राने, असा अर्थ घेतल्यास गुराख्यांच्या वस्त्यांवर देखरेख करणारे हे अधिकारी ठरतात. यावर विद्वानांचे एकमत नाही. परंतु आमच्या मते हा अर्थ वरील सर्व पुराव्याशी सुसंगत आहे. मृगयेतून मोकळी झालेली भूमी राजाच्या हातून सुटली नाही. तिच्यावरचा अधिकारी बदलला आणि त्याचे काम बदलले, इतके तरी म्हणता येते. शिकाऱ्यांनी शिकार थांबविली, हे कंदाहारचा लेख अभिमानाने सांगतो. त्यांना त्या धान्याऐवजी काय मिळाले, हे तो सांगत नाही. राजलेखांचा हा स्वभावच आहे.

जातककाराने मात्र हा हिशेब अर्धवट सोडलेला नाही. निग्रोधमिगाने प्रथम दोघांसाठी, मग उद्यानातील सर्व हरणांसाठी आणि अखेर सर्व प्राण्यांसाठी अभय मिळविले. त्यानंतर कथा संपावयास हवी होती. पण ती पुढे चालते. निर्भय झालेली हरणे लोकांची पिके खाऊ लागली. अभय दिलेले असल्याने त्यांना मारता येईना की हुसकावता येईना. लोक राजांगणात जमून गाऱ्हाणे करू लागले. दिलेले वचन मोडणार नाही, असे राजाने सांगितले. तेव्हा निग्रोधाने आपल्या कळपाला पीक खाण्यास मनाई केली आणि शेतकऱ्यांना निरोप पाठविला की, शेताला कुंपण घालू नका, फक्त कडेने पाने बांधून खूण करा. पानांच्या खुणेची चाल तेव्हापासून पडली, असे कथा सांगते. जवळपास हाच प्रश्न अर्थशास्त्रापुढेही होता. अभयवनातील मृग शेतात चरताना आढळल्यास मालकास कळवावे आणि त्यांना इजा होणार नाही अशा रीतीने परतवावे, असा नियम तेथे आहे. अभय दिल्यावर भूमीची नवी वाटणी करावी लागते, ही जाणीव दोन्हीकडे आहे. जातकाने ती वाटणी दोन्ही पक्षांना बोलावून केली, हा त्यातील फरक.

'मिगदाय' या शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. 'दाय' हे मुळात 'दाव' म्हणजे वन असावे; परंतु अट्ठकथाकार मृगांना अभयदान म्हणून दिलेले ते मिगदाय, अशी व्युत्पत्ती लावतात. शिकारीचे वन शब्दातच दान होऊन गेले. इसिपतन, राजगृहाजवळील मद्दकुच्छि, साकेताचे अंजनवन, सुंसुमारगिरीचे भेसकळावन अशा मिगदायांत तथागतांचा व संघाचा निवास होत असे.

आपल्या शूर्पारकाच्या वाट्याला तिपिटकात हरीण आलेले नाही. आली आहे ती गाय. सुप्पारकाच्या सागरतीरी राहणारा बाहिय दारुचीरिय श्रावस्तीस धावत गेला, भिक्षाटनास निघालेल्या भगवंतांकडून संक्षिप्त उपदेश मिळवून मुक्त झाला आणि लगेच वासरू असलेल्या एका गाईच्या शिंगांनी त्याचा अंत झाला. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात शोर्पारगाचा उल्लेख आहे, आणि तो स्वतःस तीन लक्ष गाई देणारा म्हणवितो. संख्या अतिशयोक्त मानली तरी इतक्या गोदानाचा अभिमान जेथे बाळगला जातो तेथे चराऊ रानांचा प्रश्न लहान असू शकत नाही.

मधल्या दीर्घ काळावर येथे धावती नजर टाकणेच शक्य आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्यांनी गावे 'फोरो' या वार्षिक खंडावर लावून दिली आणि मुंबईच्या 'फोरास' जमिनींत तो शब्द टिकून राहिला. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. आजच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तरेकडील गवताळ भागात तर गवत हे सावकार-जमीनदारांचे नगदी पीक बनले होते आणि ते कापणारे वारली वेठीला जुंपलेले होते. १९४५ च्या गवत-कापणीच्या हंगामात वारल्यांनी मजुरीसाठी काम थांबविले. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे गोळीबार होऊन जेठ्या गांगड आणि इतर चौघे ठार झाले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात हा लढा आला आहे. निवाप सुत्तातला प्रश्न, म्हणजे गवत कोणी राखले आणि कोणासाठी, येथे माणसांच्या बाबतीत विचारला गेला.

पारध्यांचे काय झाले, हेही येथे नोंदविले पाहिजे. महाराष्ट्रातील पारध्यांत फासे पारधी आहेत, चित्ते बाळगणारे चित्ता पारधी होते, आणि 'गाय पारधी' म्हणून ओळखली जाणारी शाखा आहे. शिकविलेल्या गाईबैलाच्या आडून चालत हरणांच्या कळपाजवळ जावयाचे, ही तिची रीत. चरणारे गुरू पाहून हरीण बुजत नाही, या अनुभवावर ती उभी आहे. द्वेधावितक्क सुत्तातील आमिषाच्या हरिणाशी ताडून पाहावी अशी ही गोष्ट. गुरांचे कुरण आणि हरणांचे शिकारस्थान एकच असल्याचा याहून बोलका पुरावा आम्हांस माहीत नाही. १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या व्यवस्थेत यांना गुन्हेगार जमातींत टाकण्यात आले. तो शिक्का १९५२ साली कागदोपत्री निघाला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा मार्गही संपला. हरणाला अभय मिळाले हे योग्यच झाले. राजाचे धान्य मात्र या खेपेसही बंद झाले, आणि पारध्यांची पाले गावाबाहेरच्या गायरानात पडू लागली.

वसईच्या पूर्वेस असलेला तुंगारेश्वरचा डोंगर २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. 'अभयारण्य' हा शब्द अर्थशास्त्रातील 'अभयवना'चा थेट वंशज आहे. अभयारण्यात गुरांच्या चराईवर नियंत्रण वा बंदी घालण्याचा अधिकार १९७२ च्या कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकास दिला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी समूहांचा चराईचा हक्कही मान्य केला आहे. लोक राजांगणात गाऱ्हाणे घेऊन जमले होते तो प्रसंग या दोन कायद्यांच्या मध्ये उभा आहे. पानांच्या खुणेसाठी दोन्ही पक्षांना एकत्र बसविण्याचे काम कोणी करावयाचे, ते अद्याप ठरलेले दिसत नाही.

डोंगराखालच्या गावांत सातबाऱ्यावर 'गुरचरण' अशी नोंद असते. देशावर त्यालाच गायरान म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार ही भूमी गावाच्या गुरांसाठी राखली जाते. परंतु ज्यांच्याकडे गुरेही नव्हती आणि शेतही नव्हते, त्यांनी याच भूमीवर पोटापुरते पेरले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि पुढे १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा पडीक व गायरान जमिनी हा त्याचा गाभा होता. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी तुरुंगात जाऊन आलेली वडील माणसे होती. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. ती तारीख कोणाच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची, हे सांगावयास नको.

त्यानंतर २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी जुलैमध्ये तसा निर्णय काढला. निवाड्यात एक अपवाद ठेवलेला आहे. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना भाडेपट्टा दिलेला असल्यास, किंवा त्या जागी शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असल्यास, नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो. म्हणजे कसणारा किती वर्षे कसतो, यापेक्षा त्याच्या हाती पट्ट्याचा कागद आहे की नाही, यावर पुष्कळ काही ठरते.

कागदाचे हे महत्त्व नवे नाही. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या चोविसाव्या वर्षाचा लेख आहे. कखडी गावी भिक्खूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसत नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय मालकीच्या शेतातून शंभर निवर्तने द्यावीत, अशी आज्ञा त्यात आहे. सैनिकांनी त्या शेतात प्रवेश करू नये, कोणी त्यास हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये, अशा सवलती तीत जोडल्या आहेत. आणि त्यानंतर अधिकाऱ्यास आज्ञा आहे की, या शेताची व या सवलतींची नोंद करून घ्यावी. पडीक राहिलेल्या जमिनीऐवजी कसदार जमीन भिक्खुसंघास मिळू शकली, कारण पहिल्या दानाची नोंद राजाच्या दप्तरी होती. कखडी गाव का उठले, तेथील लोक कोठे गेले, आणि त्या ओसाड शेतात पुढे कोणाची गुरे चरली, याविषयी त्या भिंतीवर एक अक्षरही नाही.